तंबाखूच्या डबीतली गोळी

पिंपरी पेंढारच्या हौशीरामांनी आपलं दुखणं कधी कुणाला सांगितलं नाही. प्रोस्टेटमुळे लघवी अडायला लागली, तेव्हा ते एकटेच नारायणगावला जाऊन आले. डॉक्टरांनी दिलेली गोळी तंबाखूच्या डबीत लपवून रोज जेवणानंतर घेत राहिले.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. नर्स असलेली सून तेजस्विनी पाणी-मीठ-साखर घेऊन आली. “मामा, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?”

“न्हाई गं. तंबाखू तेवढी चालू हाय.”

“ती मेल्यावरच सुटंल,” त्यांची बायको सारजाबाई म्हणाली. ओसरीवरचे पाहुणे हसले.

दुपारी त्यांनी नेमानं गोळी घेतली. चारच्या सुमारास संडासला जायला उठले, तसं डोळ्यांपुढं अंधारून आलं आणि डोकं उंबऱ्यावर आपटलं. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

दवाखान्यात सारजाबाईनं डबीतल्या तंबाखूत सापडलेली गोळी पुढं केली. डॉक्टर म्हणाले, “अंगातलं पाणी गेलं की शरीर रक्तवाहिन्या आवळून मेंदूकडचं रक्त टिकवतं. या गोळीनं त्या आवळू दिल्या नाहीत.”

वॉर्डात ‘दुसरी कुठली गोळी चालू आहे का?’ हा प्रश्न तेजस्विनी नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारायची. घरी तिनं तो सगळ्यांसमोर विचारला होता.