बाबासोंचं फॉर्मेलिन

बाबासो कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई. मासा, साप, बेडूक, काहीही मेलं की पहिली हाक त्यांनाच. मेलेलं टिकवायचं तर फॉर्मेलिन, हा त्यांचा एकच मंत्र. त्या वासानं डोळ्यांचं वाटोळं झालं, तरी बरणी भरताना गडी कधी नाक मुरडायचा नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

लेक संघप्रिया त्याच विभागात पीएचडीला लागली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. २००६ साली तिनं मालवणकडच्या एका खाडीतून नखाएवढे शिंपले आणले. असे दुसरीकडे कुणाला मिळाले नव्हते. त्यांच्या जनुकांचा क्रम वाचून ती जात नवी का, हे तिला ठरवायचं होतं. सगळी पीएचडी त्यावरच. शिंपले निव्वळ अल्कोहोलात ठेवून ती जनुकं वाचायचं यंत्र शिकायला हैदराबादला गेली.

मे महिना, खोली तापलेली. बाटल्यांची झाकणं ढिली निघाली, अल्कोहोल उडालं, शिंपले उघडे पडले. अल्कोहोलच्या कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि तो सुट्टीवर. बाबासोंचा जीव वरखाली झाला. त्यांनी सगळ्या बाटल्या फॉर्मेलिननं काठोकाठ भरल्या आणि समाधानानं घरी जाऊन जेवले.

संघप्रिया परतली. झाकण उघडताच तो वास आला, आणि तिनं एकेक करून सगळ्या बाटल्या हुंगून पाहिल्या.

"आप्पा, ह्यात फॉर्मेलिन कुणी घातलं?"

"मीच की. वाळाय लागलं हुतं सगळं."

"त्येनं आतली जनुकं तुटत्यात, आप्पा. आता काय वाचता यायचं न्हाय."

बाबासोंना अंमळ उशिरानंच कळलं. "मग दुसरी आणू. मी येतो की संगं."

दोघं एस.टी.नं खाडीवर गेली. तिथं जेट्टीसाठी दगडमातीचा भराव पडला होता. तरी बाबासो चिखलात उतरले आणि ऊन कलेपर्यंत हातानं चाचपत राहिले. रिकामी टरफलं तेवढी मिळाली.

"वर या आप्पा. पाय कापंल."

स्टँडवरच्या फोनवरून तिनं पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना कळवलं. बाबासो शेजारीच उभे होते.

"सर, नमुने गेले. चूक माझीच. जाताना कुणाला काही सांगून गेले नाही मी."

खरं काय ते बाबासोंच्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी जायची भीती वाटली आणि त्यांनी ते गिळलं. लाज वाटली, फार वाटली, तरी गिळलं.

संघप्रियानं पुढं पीएचडी सोडून शाळेत नोकरी धरली. बापाला ती एका शब्दानं बोलली नाही, आणि बाबासोंना मरेपर्यंत तेच सोसलं नाही.