अत्तर बघणारे काका

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात नामांकित पैलवान होते, गवई होते, शिकारी होते. पण अत्तर हुंगायचं सोडून बघत बसणारा माणूस अख्ख्या संस्थानात एकच, आणि तो आमचा. माझे धाकटे काका. घरचं कौतुक सांगते असं वाटेल, वाटू दे. काका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी हौसेनं विलायतेहून एक पितळी नळी मागवली होती, आत काचेचा लोलक. तिच्यातून दिव्याकडे पाहिलं की उजेडाचे रंग ओळीनं दिसत, आणि मधे कुपी धरली की तेलानं कुठला रंग गिळला तेही कळे. गवती चहाचं तेल, निलगिरीचं, काका दिसेल ते नळीपुढे धरत. मुरगूडच्या एका लग्नात तर सरबताचा पेला दिव्यापुढे धरून त्यांनी भर मांडवात वधूपित्याला सांगितलं, “पावणं, ह्यात केशर न्हाय, नुसता रंग हाय!” तेव्हापासून आमंत्रण द्यायला येणारा आधी नळीची चौकशी करी.

मी माहेरपणाला आले होते तेव्हा काकांचे दोस्त, अत्तरवाले चाचा, आमच्या ओसरीवर येऊन मटकन बसले. चंदगडकडचा वाळा आणून ते स्वतः तेल काढत. ते हिरवंगार असे. एका बड्या सावकारानं “रंग घालतोस” म्हणून भर बाजारात त्यांची बाटली परत केली होती.

“मास्तर, आज्जापासनं असंच काढतोय की आमी,” चाचा म्हणाले. “आता गिऱ्हाईक पायरी चडंना.”

काका नळी घेऊन तडक चाचांच्या दुकानात गेले, मी मागोमाग. सावकाराला बोलावून घेतलं, दारं लावून अंधार केला. तेलातून पाहिलं, तर घातलेल्या रंगाचा काळा पट्टा कुठेच नव्हता. मग तेल जाळून त्याची राख ज्योतीत धरली. नळीत हिरव्या रेघा उमटल्या. चाचा ज्यात वाळा उकळून तेल काढत त्या तांब्याच्या देगेचा कीस धरला, तर त्याच रेघा, त्याच जागी.

“लावा डोळा,” काका सावकाराला म्हणाले. “तेल तांब्याच्या देगेत निघतंय, म्हणून हिरवं. चाचानं काय बी घातल्यालं न्हाय. आता भाईर जाऊन ह्ये बी वरडून सांगा की!”

सावकारानं सांगितलं. बाजारातल्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना मी सांगत सुटले, हे माझे काका!

चाचांनी वाळ्याचा फाया काकांच्या कानात ठेवला. परतताना काकांनी हळूच विचारलं, “कसा हाय गं वास?”

लहानपणीच्या एका तापानंतर त्यांना कसलाच वास येत नसे. हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं.

“नव्या माठातल्या पाण्यासारखा, काका. गार.”

ते मान डोलावत थोडं चालले. मग म्हणाले, “आजून सांग की.”