शेंगदाण्याचं वाक्य

एन्दा प्रास्तिवी निवांत बसलीय, असं सहा वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. सिदोआर्जो शहरातल्या आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात ती प्रोग्राम लिहायची आणि शेजारच्या टेबलावरून मी माल रवाना करायची. जेवायचीसुद्धा उभ्यानेच, सोतो सूपचा वाडगा हातात धरून! बघणाऱ्याला दम लागावा.

प्रत्येक ट्रकसोबत जाणाऱ्या आमच्या तपासणी अहवालाच्या तळाशी एक वाक्य छापलं जायचं: ‘हा माल शेंगदाण्याच्या यंत्रावर तयार झाला आहे.’ वाक्य प्रोग्रामच्या पोटातच लिहिलेलं. त्यात ‘तीळ’ हा एक शब्द घालायला तीन सह्या आणि अकरा दिवस लागले. तोवर आम्ही पेनाने खरडत होतो, कधी विसरतही होतो. एन्दाच्या भाच्याचा एकदा शेंगदाण्याच्या ॲलर्जीने श्वास कोंडला होता. तिला हा कारभार बघवेना. वाक्य प्रोग्रामबाहेर, वेगळ्या नोंदीत ठेवायचं आणि तपासणीवाल्यांनी ते स्वतःच बदलायचं, असं तिने ठरवलं.

"बाहेर ठेवलं की हरवणार, म्बाक," आमचे साहेब पाक सुरोतो म्हणाले. आमच्याकडे बाईमाणसाला म्बाक म्हणतात आणि साहेबांना पाक.

"आणि आत ठेवून कुजतंय त्याचं काय, पाक?"

चाचणीच्या संगणकावर सगळं झकास छापलं. रविवारी तिने प्रोग्राम खऱ्या संगणकावर नेला.

सोमवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे झेंड्यापुढे रांगेत उभे होतो. संचालक बोलत होते. तेव्हा आमच्याकडे कुणी शिंकतसुद्धा नाही. एन्दाने एकदम माझं मनगट आवळलं.

"तुतिक, वाक्य न्यायचं राहिलं गं! प्रोग्राम गेला, वाक्य चाचणीच्याच संगणकावर आहे!"

"मग तिथे काय छापलं असेल?"

"काहीच नाही. कोरं."

बालवाड्यांना बिस्किटं नेणारा ट्रक साडेसातला सुटणार होता. घड्याळात सात अठ्ठावीस. बाई रांग मोडून थेट संचालकांच्या नाकासमोरून धावली. आणि मीही, वेडी, तिच्यामागे!

फाटकावर पहारेकरी जुमादी दांडा उचलतच होता.

"थांबव! कागद चुकलाय!"

"काय चुकलंय, म्बाक? सह्या आहेत, शिक्का आहे."

"खाली वाच!"

"खाली काहीच नाही."

"तेच तर!"

ट्रक थांबला. एन्दाला संचालकांनी सगळ्यांदेखत झापलं. "आता मुकाट्याने आत घाल ते वाक्य," पाक सुरोतो म्हणाले. तिने घातलं नाही. पोरगी हट्टी! वाक्य बाहेरच ठेवलं, पण प्रोग्रामला बजावलं: वाक्य सापडलं नाही, तर अहवाल छापायचाच नाही.

पाच आठवड्यांनी, भर दुपारी, छपाई बंद. तपासणीतल्या कुणीतरी चुकून वाक्य पुसलं होतं. सात ट्रक खोळंबले, ड्रायव्हर भोंगे वाजवू लागले, पाक सुरोतो लालबुंद झाले आणि सगळे एन्दाच्या नावाने शंख करू लागले. मी धापा टाकत तिच्या टेबलाशी गेले.

ती खुर्चीत मांडी घालून बसली होती. समोर सोतो. त्यावर सावकाश लिंबू पिळत होती.

"अगं, बाहेर आग लागलीय! एक कागद निघत नाहीये!"

"एकही नाही?"

"एकही नाही!"

"मग झालं तर. तपासणीवाले परत लिहितील, दोन मिनिटांचं काम आहे. बस, तुतिक. जेवलीस का?"