मागे घेतलेला शोधनिबंध

करकंबहून सोलापुरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन सहायक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी डॉ. वत्सला गायकवाड मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली आणि जेवताजेवताच काम समजावले. शरीरात शिरलेला जंतू परका आहे हे आपल्या पांढऱ्या पेशी कशा ओळखतात, हा विकृतिशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या मॅडमचा आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय.

क्षयाच्या जंतूतले एक विशिष्ट प्रथिन या पेशी ओळखतात, असा त्यांचा शोधनिबंध तेव्हा नुकताच छापून आला होता. विभागप्रमुखपदासाठीही त्यांचेच नाव पुढे होते. मी तोच प्रयोग अधिक शुद्ध प्रथिन घेऊन केला, तर पेशींनी दादच दिली नाही. पुन्हा केला, तरी तेच. जुने प्रथिन तपासले, तर त्यात दुसऱ्याच जिवाणूचा अंश मिसळलेला निघाला आणि पेशी चवताळत होत्या त्या त्याच्यावर!

हे मॅडमना सांगायला माझी जीभ रेटेना. अखेर सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आपल्यालाच सापडलं की. निबंध मागे घ्यायला पाहिजे."

"मॅडम, निवड होईपर्यंत तरी थांबू या."

"आणि तोवर कुणी त्यावर पुढचं काम सुरू केलं तर? त्याची मेहनत वाया जायची."

निबंध मागे घेतला. तसे जाहीर करताना चूक स्वतःची आणि ती शोधल्याचे श्रेय माझे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. पद दुसऱ्यांना मिळाले. नव्या प्रमुखांना पहिला हार मॅडमनीच घातला. मात्र त्या दिवशी मागच्या जिन्यात उभ्या राहून त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले आहेत.

पुढे काही वर्षांनी पेशी खरोखर ओळखतात तो प्रथिनाचा तुकडा आमच्या हाती लागला. मी नाचायच्या बेतात होतो. मॅडम म्हणाल्या, "लई घाई नको. दुसऱ्या कुणाला तरी करून बघू दे." दोन प्रयोगशाळांनी तोच निष्कर्ष कळवला, तेव्हा कुठे त्यांनी सगळ्या विभागाला शेंगापोळ्या खाऊ घातल्या.

मॅडम आता साठीत प्रवेश करीत आहेत. आजही त्यांच्याकडे शिकणारे कुणीही "मॅडम, माझं चुकलंय" असे न कचरता सांगते. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि आमच्या चुका ऐकून घ्यायला त्या अशाच आमच्यासमोर असोत.