शेवटच्या रांगेचे माइकमामा

माइकमामांनी माइकवर कधीच 'हॅलो, हॅलो' म्हटलं नाही. माइक हातात आला की ते विचारायचे, "जेवले का गा सगळे?" आणि शेवटच्या रांगेतून उत्तर येईपर्यंत कार्यक्रम सुरू होऊ द्यायचे नाहीत. एकदा एका लग्नात मागून कोणीतरी "नाही जेवलो" म्हणालं, तर मामांनी वरबापाचं भाषण अडवून त्या माणसाला आधी पंगतीत बसवून आणलं. "पुढच्याले तर बिनामाइकचंही ऐकू येते," ते म्हणायचे, "माइक मागच्यासाठी असते."

महाल भागात त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. डीजेवाले आले आणि ते बसलं. मी नंदनवन वस्तीत कॉफीहाउस काढलं आणि रविवारी दुपारी गल्लीतल्या हौशी मंडळींना गायला बसवू लागले, तेव्हा मामा दोन स्पीकर आणि आवाज कमी-जास्त करायचा जुना मिक्सर घेऊन आपणहून आले. काय द्यायचं विचारलं तर म्हणाले, "कॉफी पाज. साखर जास्त." मी तीन चमचे घालायचे, तरी ते चौथा मागायचे. मधुमेह त्यांच्या वाटेला गेला नाही, बहुधा घाबरून.

गेल्या वर्षी आम्ही कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी गाण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलांना कानाच्या मशीन घ्यायच्या होत्या. दोन दिवस आधी मामांनी मला बाजूला घेतलं. "कोणाले सांगू नको वं. वर्ष झालं, मले नीट ऐकूच येत नाही." अलीकडे 'जेवले का' विचारल्यावर ते मागच्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून का पाहतात, ते मला तेव्हा समजलं. माइकवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला बोलावणार कोण? आणि मामा तर आठवडाभर रविवारचीच वाट पाहायचे.

मग आम्ही खूण ठरवली. मी सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी रिकामा कप घेऊन बसायचं. कप उचलला की आवाज वाढवायचा, उपडा ठेवला की कमी करायचा. "त्याच्यात कॉफी टाकू नको मात्र," त्यांनी दोनदा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं मनात म्हणून मी मान डोलावली.

पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला शाळेच्या बाई स्वतः गायला बसल्या, आणि आतून कॉफीचा नवा घाणा आला. नवी कॉफी मी चाखल्याशिवाय बाहेर जात नाही, ही माझी खोड. हातात कप होताच. त्यातच ओतून घेतली. एक घोट घेतला, मामांनी आवाज वाढवला. पातळ वाटली म्हणून दुसरा घेतला, त्यांनी आणखी वाढवला. तिसऱ्या घोटाला स्पीकरनं अशी शिटी मारली की लोकांनी कानांवर हात ठेवले. कप उपडा करावा तर तो कॉफीनं भरलेला! मी तशीच खुळ्यासारखी उभी. मामा माझ्या कपाकडे बघून खुशीत हसत होते. अख्ख्या हॉलमध्ये त्या शिटीचं काही नव्हतं ते फक्त पहिल्या रांगेतल्या मुलांना आणि मामांना. ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

मी कॉफी फरशीवर ओतली आणि कप उपडा धरला. शिटी थांबली. चूक माझी, असं मी सांगणार तोच मामांनी बाईंपुढचा माइक घेतला. "पोरीले काही म्हणू नका. मले ऐकू येत नाही. मीच लपवून ठेवलं होतं." मला रडूच कोसळलं.

बाईंनी मुलांना खुणांनी सारं सांगितलं. तशी तनू नावाची सात-आठ वर्षांची मुलगी उठली, मामांचा हात धरून त्यांना स्पीकरपाशी घेऊन गेली आणि त्यांचा पंजा स्पीकरवर ठेवला. शेजारी आपलाही. ही मुलं गाणं असंच ऐकतात. मिक्सर कोणीतरी जवळ सरकवून दिला. पुढचा सगळा कार्यक्रम मामांनी एक हात स्पीकरवर ठेवून सांभाळला, आणि त्यांना हात काढायला कोणी सांगितलं नाही.

मुलांच्या मशीन आल्या. एक मामांना घेऊ, असं बाई म्हणाल्या, तर मामा तयार होईनात. "पयले लेकरायले. मी लय ऐकून घेतलं." पुढे गुडघे कुरकुरू लागले आणि त्यांची मुलगी त्यांना मौद्याला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना मिक्सर माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "कॉफी पिऊन चालवू नको." तिकडे मुलीनं त्यांना दटावून कानाची मशीन घ्यायला लावली.

यंदा पुन्हा कार्यक्रम ठेवला. मामांना प्रवास झेपत नाही, म्हणून मी त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकून तो उंच धरला आणि दुसऱ्या हातात माइक घेतला. विचारलं, "जेवले का गा सगळे?"

शेवटच्या रांगेत तनू बसली होती, दोन्ही कानांत मशीन. एकेक अक्षर सांभाळत ती फोनकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "जे-व-ले. तु-म्ही?"

इतक्या वर्षांत मामांना हे उलटून कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. 

"जेवलो वं माय," मामांचा आवाज आला. मग मला विचारलं, "मागून आला ना हा आवाज?"

"हो मामा. शेवटच्या रांगेतून."

"मंग करा सुरू."