पवनेकाठी ताईनं निवडलेली जागा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तळेगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटीचं काम बघतो. जे मोजता येतं, तपासता येतं ते खरं, बाकीच्यावर वेळ घालवायचा नाही — इतका साधा हिशेब. या सदरातले अनुभवसुद्धा मी रविवारी चहाबरोबर वाचायचो आणि मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवून हसायचो. त्यामुळे स्वतः लिहायला बसताना अवघडल्यासारखं होतंय. पण ताईला जाऊन वर्ष होत आलं, आणि ही गोष्ट मी अजून घराबाहेर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

ताई माझी थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले, मला तिनंच वाढवलं. लग्न केलं नाही. वडगाव मावळला एका सरकारी कचेरीत नोकरी केली, तिथूनच रिटायर झाली आणि आमच्याकडे तळेगावला राहायला आली. बोलणं थोडं तिरकस, पण माणूस मऊ. गुडघे गेलेले, आणि हृदयाचा त्रास. जिना चढला की मधल्या पायरीवर थांबायची आणि खिडकीतून काहीतरी बघत असल्याचं दाखवायची.

ती गेली त्याच्या आधीच्या दिवाळीत शेजारची मुलं पवनेला कॅम्पिंग करून आली. त्यांचे फोटो बघता बघता ताई एकदम म्हणाली, "मला एकदा तंबूत झोपायचंय."

आम्हाला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिनं सांगितलं. शाळेत असताना गाईडच्या शिबिराला तिचं नाव होतं, पिशवीसुद्धा भरून ठेवलेली. आदल्या दिवशी आई आजारी पडली आणि ते राहिलं. "त्यानंतर कधी विषयच निघाला नाही," ती म्हणाली. बस, एवढंच. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जाऊ द्या, पण फार चढ-उतार नको आणि हॉस्पिटल हाताशी असू द्या. झालं… मी कामाला लागलो. आपल्या मावळात आता कॅम्पिंगच्या जागा इतक्या झाल्यात की रस्त्यानं जाताना पाट्या वाचून संपत नाहीत. मी रोज रात्री मोबाईलवर रिव्ह्यू वाचायचो. टॉयलेट कसं आहे, गाडी कुठपर्यंत जाते, शनिवारी डीजे लावतात का, रेंज येते का… एक जागा आवडली की दुसरी तिच्यापेक्षा बरी वाटायची.

मग सुट्टीच्या दिवशी तिघं मिळून जागा बघायला जायला लागलो. इंदुरीजवळ नदीकाठी एक होती, जवळ होती, पण संध्याकाळ व्हायच्या आत डासांनी बसू दिलं नाही. लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एक बघितली. देखणी जागा, पण गाडीपासून टेंटपर्यंत नुसत्या पायऱ्या. ताईनं खालूनच हात जोडले. कामशेतच्या पुढे एके ठिकाणी मोठ्या व्हॅन उभ्या केलेल्या — आत पलंग, बेसिन, टॉयलेट, एसी, सगळं. मला ती पसंत पडली होती, तिच्या दृष्टीनं सगळ्यात सोयीची. ताईनं आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "सुधीर, अरे ही तर एसटी आहे. मी वडगावला तीस वर्षं एसटीनंच गेले."

शेवटी पवना धरणाच्या काठाला नामदेवभाऊंची जागा सापडली. नामदेवभाऊ आणि त्यांची बायको हिराबाई, दोघंच चालवतात. भात काढून झालं की खाचरं सपाट करून तिथं टेंट लावतात. जेवण हिराबाईंच्या हातचं. खाली धरणाचं पाणी, पाठीमागे तुंगचा डोंगर. टेंटच्या ओळीपासून जरा बाजूला एक जांभळाचं झाड होतं. ताई थेट त्या झाडाकडे निघाली.

चढ फार नव्हता. तरी ती वाटेत दोनदा बसली. मी धरायला गेलो तर म्हणाली, "बघू दे की जरा." झाडाखाली पोचल्यावर बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत होती. मग नामदेवभाऊंना म्हणाली, "माझा तंबू इथं लावायचा. तोंड पाण्याकडं."

"लावू की ताई. पन हितं वारं लय लागतंय, पान्यावरनं येतंय ना…"

"लागू दे. पाणीच बघायला येणार मी."

नामदेवभाऊ हसले. मला चढाची काळजी वाटत होती. माझं तोंड बघून तेच म्हणाले, "भाऊ, तुमी नका घोर लावून घिऊ. मी मुरूम टाकतो, गाडी पार झाडापात्तुर यील."

त्यांनी माझा नंबर घेतला. मी म्हटलं, कळवतो. मला आणखी एक जागा बघायची होती, कान्हे गावाजवळ, हॉस्पिटलपासून अगदी थोड्या अंतरावर. परत येताना गाडीत मेधानं विचारलं, "ताई, आवडली ना?" ती म्हणाली, "मला तर आवडली. आता साहेबांचं बघा."

कान्ह्याची जागा बघायला आम्हाला वेळ झाला नाही, माझ्या कंपनीत ऑडिट आलं. ते संपल्यावर मी नामदेवभाऊंना फोन करून त्यांचीच जागा पक्की केली. ते म्हणाले, मुरूम पडलाय, दाबून घेतो, पुढच्या आठवड्यात या. ताईनं ते ऐकलं आणि मेधाकडून माळ्यावरची जुनी शाल काढून घेऊन उन्हात टाकली.

दोनच दिवसांनी सकाळी ताईच्या छातीत कळ आली.

तळेगावच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं, आयसीयूत घेतलं. दुपारपर्यंत डॉक्टर म्हणाले, जरा स्थिर आहेत, औषधानं झोपवलंय. मेधा घरी कपडे आणायला गेली होती. ताईचा मोबाईल मेधाच्याच पर्समध्ये होता. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि माझा फोन वाजला. नामदेवभाऊ.

मला वाटलं, बुकिंगचं काहीतरी असेल. आता काय सांगायचं याला, असा विचार करत उचलला.

"भाऊ, ताई पोचल्या का घरी?"

मी विचारलं, "कोण ताई?"

"तुमच्या ताई वो. एकट्याच आलत्या की हितं. मी म्हनलं, मोटरसायकल काढतो, रस्त्यापात्तुर सोडतो. गाडी घिऊन येतोय तवर हिकडं कोनच न्हाई. हिरा म्हनती, आत्ता तर बसल्याल्या. म्हनून जिवाला घोर लागला, उनाच्या कुटं गेल्या…"

मी उठून दाराच्या काचेतून आत बघितलं. ताई पलंगावर होती. नाकावर नळी, हाताला सलाईन. छाती वर-खाली होताना दिसत होती.

मी म्हटलं, "नामदेवभाऊ, तुमची काहीतरी गल्लत होतेय. दुसरं कुणीतरी असेल."

"न्हाई वो, म्या वळखत न्हाई व्हय? झाडाखाली बसल्या, हिराकडनं पानी घेतलं. आनि म्हनल्या, टेंटचं तोंड डोंगराकडं करा, पान्याकडं नको. आदी तर पान्याकडं म्हनलेल्या. म्हनून तुमाला इचारतो, फिरवू का?"

"फिरवा," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. ताई हॉस्पिटलमध्ये आहे हे मी त्यांना सांगितलंच नाही. का ते माहीत नाही. बहुतेक मला ते शब्द त्या क्षणी उच्चारायचे नव्हते.

मेधा आली तेव्हा तिला खाली कॅन्टीनमध्ये नेऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारी माणसं लांबून सारखीच दिसतात." मीही तेच धरून बसलो. दुसरं धरायला होतं काय?

संध्याकाळी नर्सनं आत बोलावलं. ताई जागी झाली होती. चेहरा ओढलेला, पण डोळे स्वच्छ. नर्स म्हणाली, तोंड कोरडं पडलं असेल, चमच्यानं दोन थेंब पाणी द्या. मी चमचा पुढे केला. ताईनं मान हलवली.

"प्यायले मगाशी," ती म्हणाली.

नर्स माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "औषधाचा असर आहे, असं बोलतात." मी मान डोलावली. मग ताईनं माझं मनगट धरलं.

"सुधीर, त्या नामदेवला मी तंबूचं तोंड डोंगराकडं करायला सांगितलंय. पाण्याकडून वारा फार बोचतो रे. तू परत बदलायला लावू नकोस."

मंडळी, तेव्हा मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. भीती नव्हती. पायाखालची फरशी आहे ना, असं एकदा खाली बघितल्याचं आठवतं. माझ्या मनात शंभर प्रश्न होते. कशी गेलीस? काय दिसलं? आत्ता कुठे आहेस तू? आणि मी काय बोललो, तर —

"ताई, तू बोलू नकोस. दमशील. बरी झालीस की बोलू सगळं."

तिला अजून काही सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिचं अर्धवट ऐकून खेळायला पळायचो तेव्हा बघायची, तसं. मग "बरं" म्हणाली आणि डोळे मिटले. माझं मनगट तिनं थोडा वेळ धरूनच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताई गेली.

दिवसवार झाल्यावर मी आणि मेधा पवनेला गेलो. फोनवर सांगायची हिंमत झाली नव्हती. नामदेवभाऊ गाडीपाशी आले, मागच्या सीटकडे बघितलं, आणि माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघून त्यांना कळलं. ते तिथंच खाली बसले. मी त्यांना दिवस सांगितला, वेळ सांगितली, फोन आला तेव्हा ताई कुठे होती ते सांगितलं. ते उठून हिराबाईंना बोलावून घेऊन आले.

हिराबाईंना मी पुन्हा पुन्हा तेच विचारलं. साडी कुठली होती? त्यांना नीट आठवेना, "फिकी व्हती" म्हणाल्या. चालत कुठून आली? दिसली नाही, दिसली तेव्हा चढावरच होती. खात्री आहे का?

"दादा, म्या त्यांच्या हातात तांब्या दिलाय," त्या म्हणाल्या. "आनि येक सांगू का, त्या दिवशी त्यांना दम लागत न्हवता. पयल्या टायमाला दोनदा बसल्या व्हत्या ना? ह्या टायमाला चपला हातात घिऊन सरळ वर आल्या. म्या म्हनलं सुदीक, ताई, आता लय बरं दिसतंय तुमचं."

मेधा रडायला लागली. मी पाण्याकडे बघत राहिलो. वारा खरंच बोचत होता.

मी सगळ्या शक्यता तपासल्या, सवयच आहे ती. माझ्या एका डॉक्टर मित्राला फक्त ताईचं बोलणं सांगितलं, बाकीचं नाही. तो म्हणाला, तुझं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं असेल. पण दार बंद होतं, आणि तंबूबद्दल फोनवर "फिरवा" याशिवाय मी काही बोललोच नव्हतो. डोंगर, वारा, पाणी यातला एकही शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. नामदेवभाऊंनी दुसऱ्याच कुणा बाईला ताई समजलं असेल, हेही धरून बघितलं. मग त्या बाईचा निरोप माझ्या ताईच्या तोंडी कसा आला? एक बाजू जुळवली की दुसरी सुटते. आजपर्यंत जुळलेलं नाही.

निघताना मी हिराबाईंना शेवटचं विचारलं, "आणखी काही बोलली का?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमचंच इचारलं. 'सुधीर आला का' म्हनल्या. म्या म्हनलं न्हाई, अजून न्हाई आलं. तर हसल्या. म्हनल्या, 'येईल. त्याला ठरवायला वेळ लागतो.'"

मेधा म्हणते, वाईट वाटून घेऊ नकोस, शेवटी ताईला हवं ते मिळालं, ती जाऊन आली. असेलही तसं. मला त्यातलं काहीच समजत नाही, आणि समजलं तरी समाधान होईल असं वाटत नाही. कारण ती खरंच गेली असेल, तर एकटी गेली.

मला तिच्याबरोबर जायचं होतं.