चार इंचांची फट

टीव्हीवर दहा मिनिटं चेंबर कोरडाच राहिला. मग पाणी काठावरून आत पडलं. चौकशीच्या साहेबांनी कॅसेट थांबवली.

“म्हणजे वर यायला वेळ होता. शुद्धीत असता तर आला असता.”

कॉन्ट्रॅक्टरने मान डोलावली. तानाजी प्यायलेला होता, हे त्याचं म्हणणं. तानाजी त्याचा माणूस. कालव्याच्या गेटशेजारच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या खोल खड्ड्यात, ग्रीस लावायला उतरला. वरून कुणी तरी गेट उघडलं. तो आतच बुडाला.

पाण्याची फिल्म मी बनवली होती, सांगलीच्या आमच्या ऑफिसात. कॉम्प्युटरमध्ये पाणी म्हणजे हजारो गोल ठिपके. प्रत्येक ठिपका शेजारच्याला ढकलतो, त्यातून प्रवाह होतो. ठिपके बारीक केले की मशीन चार-चार दिवस चालतं. साताऱ्यातल्या या चौकशीची तारीख जवळ आली होती, म्हणून मी मोठे घेतले. सहा इंचांचे.

तानाजीचा भाऊ मारुती पाटणहून आला होता. तो उठून टीव्हीजवळ गेला. “आवं सायेब, चेंबरच्या भितीला वरपासनं खालपतोर फट हाय. माझा हात जातो तिच्यातनं. तुमचं पानी न्हाई जात व्हय?”

नकाशात फट होती. मीच काढली होती. चार इंचांची.

बाहेर येऊन आमच्या ऑफिसच्या सरांना सांगितलं. माझ्यासारख्या हिंगोलीहून आलेल्या आठवी नापास माणसाला त्यांनी पेंटियम कॉम्प्युटरवर बसवलं होतं. नोकरी गेली असं धरूनच बोललो.

सर म्हणाले, “मला काय सांगतोस? आत जा, त्यांना सांग.”

गेलो. “साहेब, फिल्म चुकलीय. चूक माझी आहे.”

“कॉम्प्युटर चुकत नाही म्हणता ना तुम्ही लोक?” साहेब म्हणाले. पण आठवड्याची मुदत दिली.

दोन इंचांचे ठिपके घेतले. मशीन चार दिवस चाललं. या वेळी गेट उघडताच फटीतून पाण्याची भिंतच आत आली. दहा सेकंदांत चेंबर भरला.

नवी फिल्म बघून साहेबांनी दारूचा मुद्दा खोडला. कॉन्ट्रॅक्टर उठून गेला.

मारुतीने फिल्म परत लावायला सांगितली. बघितली. “म्हंजी हाक माराया बी येळ न्हवता त्याला,” एवढंच म्हणाला. आधीच्या फिल्ममध्ये निदान दहा मिनिटं तरी होती.

सरांनी मला काढलं नाही. त्यांचे उपकार आहेत. तेव्हापासून काम हातात आलं की मी आधी सगळ्यात बारीक फट मोजतो. ठिपका किती मोठा घ्यायचा, ते नंतर.